गावातले पाण्याचे एटीएम: दोन वर्षांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. ते चवीला किंवा वासाला कळत नाही आणि पाणी उकळल्याने जातही नाही, त्यामुळे गावात आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून शुद्ध करणारे, केंद्र सुरू झाल्यापासून आम्ही पिण्याचे पाणी तिथूनच आणतो. पाच रुपयांचे नाणे टाकले की वीस लिटरचा कॅन भरतो. पाणी स्वच्छ, किंचित सपक; डाळ मात्र लवकर शिजते, हे घरात सर्वांत आधी आईच्या लक्षात आले.

तक्रार आहे ती तपासणीबाबत. शंका विचारली की चालक टीडीएस मीटर बुडवून साठ-सत्तरचा आकडा दाखवतो. परंतु हा आकडा विरघळलेल्या एकूण क्षारांचा असतो, त्यावरून फ्लोराइड नेमके किती हे समजत नाही आणि जंतूंचा तर पत्ताच लागत नाही. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. भिंतीवरचा प्रयोगशाळेचा अहवाल चौदा महिन्यांपूर्वीचा आहे, त्यावरची शाईही उडाली आहे. मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा हा पडदा, कधी बदलले, याची नोंद मागितल्यावर वही सापडली नाही. नळाच्या तोंडाशी शेवाळ धरले होते, ते सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी घासले गेले, हे मान्य करावे लागेल.

पाचपैकी तीन गुण. नवा अहवाल लागेपर्यंत चौथा राखून ठेवला आहे.