सिंगल-स्टेज, टरेट की प्रोग्रेसिव्ह? घरी काडतुसं भरायला बसण्याआधी

"काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र, म्हणजे प्रेस, कुठला घेऊ?" असं अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसानं विचारलं, की मी आधी उलट विचारतो, ग्रीन कार्ड आलं का? एच-१बीवर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि ही कला सुट्टीत पुण्याला जाऊन दाखवू नका. तिकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, विनापरवाना काडतूस बनवणं हा गुन्हा.

काम तिन्ही प्रेसवर तेच. वापरलेली पितळी पुंगळी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मापात आणायची, जळका प्राइमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) काढून नवा बसवायचा, पावडर मोजून घालायची, वर बुलेट, म्हणजे नळीतून सुटणारी गोळी, दाबायची. दांडा एकदा ओढला की यातलं किती उरकतं, एवढाच फरक.

सिंगल-स्टेजवर एका वेळी एकच डाय. पन्नास पुंगळ्यांचं एक काम संपवायचं, डाय बदलायची, पुन्हा पहिल्यापासून. तासाला चाळीस-पन्नास काडतुसं झाली तरी खूप. माझी .३०८ रायफलची सगळी काडतुसं मी यावरच भरतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. बुलेट बसवण्याआधी पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात, वरून टॉर्च मारायचा. पंगतीत एखाद्याच्या पानात वरण वाढायचं राहिलं की जसं लगेच दिसतं, तशी चुकलेली पुंगळी दिसते. ही सोय बाकी दोन्हींत नाही.

टरेटमध्ये चारेक डाय एका फिरत्या डोक्यावर बसतात आणि एक काडतूस पूर्ण करूनच पुढचं घेता येतं. तासाला शंभर-दीडशे होतात. ९ एमएम पिस्तुलासाठी मी हाच वापरतो, आणि फजितीही यावरच झाली. मध्येच आईचा फोन आला, बोलून परत बसलो आणि एका पुंगळीत पावडर न घालताच बुलेट दाबली. नेमबाजीच्या रेंजवर 'फट्' असा पोकळ आवाज आला. थांबलो म्हणून बरं. नुसत्या प्राइमरच्या जोरानं बुलेट नळीत अर्ध्यावर अडकली होती. तशीच दुसरी झाडली असती तर नळी फाटू शकली असती. आता प्रेसवर छोटा दिवा आहे, आणि कुणी हाक मारली की हातातली पुंगळी सरळ बाहेर.

प्रोग्रेसिव्हचा मोह सगळ्यांना पडतो, कारण दर ओढीला एक तयार काडतूस. तासाला चारशेही निघतात. पण चार-पाच कामं एकदम चालतात आणि नजर एकाच ठिकाणी राहते. डिलन कंपनीच्या ५५० या मॉडेलमध्ये पुंगळ्या पुढे सरकवणारी चकती हातानं फिरवावी लागते. विसरलात तर त्याच पुंगळीत पावडर दुसऱ्यांदा पडते. .३०८ मध्ये दुप्पट पावडर बहुधा सांडूनच दिसेल. ९ एमएममध्ये काही जलद पावडरी दुप्पट पडूनही आत मावतात. म्हणजे ज्या काडतुसासाठी वेग हवासा वाटतो, तिथेच धोका लपतो. त्यांच्याच ७५० मध्ये चकती आपोआप फिरते आणि पाच जागांपैकी एकीवर पावडरची पातळी तपासणारा बझर बसवता येतो. माझ्या मते पिस्तुलासाठी प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच तर असा घ्यावा.

माझा कौल: वर्षाला दोन-तीनशे रायफलची काडतुसं लागत असतील तर सिंगल-स्टेज, फार विचार नको. महिन्याला दोन-तीनशे पिस्तुलाची लागत असतील तर टरेट. प्रोग्रेसिव्ह आठवड्याला तेवढी लागणाऱ्यानं घ्यावा, तोही वर्षभर सिंगल-स्टेजवर हात बसल्यावर. पैसे वाचतील ही आशा सोडा, तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या झाडाल.

पावडरचं माप छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच, सर्वांत खालच्या आकड्यापासून. साठा मूळ डब्यातच. अग्निसुरक्षेचं सर्वमान्य मानक घरात २० पौंड पावडर आणि १०,००० प्राइमरपर्यंत जाऊ देतं, तुमच्या गावचा नियम कडक असू शकतो. पुंगळ्या घासण्याच्या धुळीत शिसं असतं, म्हणून ते गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात नाही.

जुना ओतीव लोखंडी सिंगल-स्टेज मिळाला तर बिनधास्त घ्या. त्याच्याबरोबर मालक अर्धा वापरलेला पावडरचा डबा फुकट देऊ लागला तर मात्र हात जोडा. लेबल एक आणि आत दुसरंच काही असलं, तर ते डोळ्यांनी कळत नाही.