आयपॉडवर व्हिडिओ: घरी की दुकानात?

परभणीतील एका स्नेह्यांना बहिणीच्या लग्नाचे चित्रण आयपॉड क्लासिकवर, म्हणजे ॲपलच्या गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या छोट्या प्लेअरवर, घ्यायचे आहे. घरच्या संगणकावर करावे की दुकानातून, हे त्यांचे ठरत नाही. व्हिडिओ प्लेअरला चालेल अशा फाइलमध्ये रूपांतरित करणारे हँडब्रेक हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, दुकानात दरवेळी पैसे मोजावे लागतात. दर्जा अधिक महत्त्वाचा: या प्लेअरवर एच.२६४ एमपी४ या प्रकारची व्हिडिओ फाइल ६४० बाय ४८० पिक्सेल मापापर्यंतचीच चालते, आणि घरी वरातीचे एखादे मिनिट आधी रूपांतरित करून हलगीचा ठोका चित्राशी जुळतो का, हे निवांत तपासता येते. वेळ मात्र घरी जास्त जातो. आयपॉडवर फाइल चढवायला ॲपलचे आयट्यून्स हे सॉफ्टवेअर लागते; दुकानातील आयट्यून्सशी सिंक केल्यास, म्हणजे आयपॉड त्यातील संग्रहाशी जुळवून घेतल्यास, आयपॉडवरील जुनी गाणी पुसली जाण्याचा धोका असतो, शिवाय घरच्यांचे चित्रण परक्या संगणकावर राहते, हे मला मुळीच पटत नाही. संगणक असणाऱ्यांनी घरीच करावे; नसेल त्यांनी दुकानातून फक्त फाइल रूपांतरित करून घ्यावी आणि आयपॉडवर ती ओळखीच्यांच्या संगणकावरून, आपोआप सिंक बंद ठेवून चढवावी.