जुन्या मोटरहोमचा डॅशबोर्ड: टेस्ट लॅम्पने तपासावा की मल्टीमीटरने?

जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणू लागले, काटे मनमानी करू लागले किंवा इंडिकेटर लावताच इंधनाचा काटाही त्याच तालावर हलू लागला, की पॅनेल उघडण्यापूर्वी एक निवड करावी लागते: तपासणी साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने (एका टोकाला सुई, दुसऱ्याला क्लिप असलेल्या दिव्याने) करायची की डिजिटल मल्टीमीटरने. मल्टीमीटर आकडा दाखवतो म्हणून तोच अधिक विश्वासार्ह, असा समज आहे. जुन्या वायरिंगच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे.

फरक आहे तो साधन किती प्रवाह ओढते याचा. डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो, त्यामुळे तो तपासल्या जाणाऱ्या तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तारेतल्या सगळ्या काड्या तुटून एकच उरली असली किंवा कनेक्टरची पिन हिरवी पडली असली, तरी पडद्यावर १२ व्होल्टच्या आसपासचाच आकडा येतो. टेस्ट लॅम्पमधला तीन ते पाच वॉटचा बल्ब मात्र पाव अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो, आणि तो पेलण्याची ताकद तारेत नसेल तर ते लगेच उघडे पडते. माझ्या गाडीत मीटर क्लस्टरकडे, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या संचाकडे, येणाऱ्या तारेवर मल्टीमीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता, म्हणून मी ती तार निर्दोष धरली आणि दोन संध्याकाळी क्लस्टर खोलण्यात घालवल्या. शेवटी त्याच टोकाला टेस्ट लॅम्प लावला, तर बल्बमधली तार निखाऱ्यासारखी नुसती लालसर झाली. दोष फ्यूजच्या पकडीत होता: फ्यूज शाबूत, पण पकडीवर पांढरा गंज चढलेला.

अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या, बाबतीत मात्र पारडे फिरते. ‘अर्थ लागत नाही’ ही तक्रार मोटरहोममध्ये दोन्ही अर्थांनी खरी असते, कारण फायबरच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या बॉडीतून प्रवाह परत जाऊ शकत नाही. त्याला स्वतंत्र तारेने चॅसीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत जावे लागते. टेस्ट लॅम्पची क्लिप डॅशबोर्डामागच्या एखाद्या पट्टीला लावली आणि त्या पट्टीलाच अर्थ नसला, तर चांगली तारही मेलेली वाटते. म्हणून प्रत्येक वेळी लॅम्प आधी थेट बॅटरीवर पेटवून पाहावा आणि क्लिपसाठी बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब तार ओढून घ्यावी. अर्थ किती कमकुवत आहे हे मात्र मल्टीमीटरच सांगतो. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून त्याची एक सुई क्लस्टरच्या अर्थवर आणि दुसरी त्याच लांब तारेने बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवावी. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असला तर अर्थ ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्ट घासून साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हीच चाचणी सगळे बंद ठेवून केली, तर आकडा शून्य येतो आणि तपासणाराच फसतो.

इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच चुकू लागले, तर संशय टाकीतल्या सेंडरवर (इंधनाची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागावर) न घेता काट्यांना व्होल्टेज पुरवणाऱ्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर घ्यावा. अनेक जुन्या गाड्यांत तो द्विधातूच्या पट्टीचा असतो आणि प्रवाह सतत जोडत-तोडत सरासरी व्होल्टेज कमी ठेवतो. या उघडझापीमुळे मल्टीमीटरवरचे आकडे नुसते नाचतात, तर लॅम्प सुरुवातीचे काही क्षण सोडल्यास स्वच्छ लुकलुकतो. तो अखंड जळत राहिला तर पट्टी चिकटली आहे किंवा स्टॅबिलायझरच्या डबीला अर्थ नाही. दोन्ही परिस्थितींत काटे प्रमाणाबाहेर वर जातात.

मोटरहोमला बहुधा दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. रेडिओ किंवा मागचा कॅमेरा अनेकदा नंतर कोणीतरी घराच्या बॅटरीवरून जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनाच्या बॅटरीचे टोक काढूनही डॅशबोर्डामागची एखादी तार जिवंतच राहते. लॅम्प एवढेच सांगेल की तार जिवंत आहे. इंजिन बंद असताना एका बॅटरीवर १२.७ आणि दुसरीवर १२.४ व्होल्ट असले, तर तारेवरच्या आकड्यावरून ती कुठून आली याचा माग मल्टीमीटरनेच लागतो. अल्टरनेटरचे चार्जिंग तपासणे हेही त्याचेच काम. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.

बल्बचा लॅम्प जिथे लावूच नये अशा जागाही आहेत. इंजिन नियंत्रक संगणक आणि त्याच्या सेन्सरच्या तारा त्या प्रवाहाने बिघडू शकतात. एअरबॅगच्या तारांना तर यांपैकी कोणतेच साधन लावू नये. एलईडीचा टेस्ट लॅम्प घेऊन ही अडचण टळेल असे वाटते, पण तो काही मिलिअँपिअरच ओढत असल्याने कुजलेली तार पकडण्याचा मुख्य गुणच गमावतो.

गाडीत इंजिनाचा संगणक नसेल आणि तक्रार दिवे, काटे व इंडिकेटर यांचीच असेल, तर मी आधी बल्बचा टेस्ट लॅम्प घेईन. इंजिनाला संगणक असेल, बॅटरी रात्रीत उतरत असेल किंवा चार्जिंगबद्दल शंका असेल, तर आधी मल्टीमीटर घ्यावा आणि प्रत्येक मोजमाप त्या सर्किटवरचा दिवा किंवा मोटर चालू ठेवूनच करावे. बॅटरी का उतरते याची चाचणी तेवढी याला अपवाद, कारण ती सगळे बंद ठेवून, मीटर बॅटरीचे टोक आणि तिची तार यांच्या मध्ये जोडून करायची असते. मीटर तसा जोडलेला असताना स्टार्टर मारू नये, कारण त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरच असते.