पंपदुरुस्तीच्या पिकअपसाठी बांधून घेतलेली बॉडी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

शेतीपंपांची दुरुस्ती आणि पाइपजोडणी हा आमचा व्यवसाय असल्यामुळे, पंचगंगेकाठच्या पंपांच्या मोटारी पुराआधी बाहेर काढण्यासाठी आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा बसवण्यासाठी आमची पिकअप सतत मळ्यांच्या वाटांवर असते. आधीच्या गाडीची जाड पत्र्याची बंद बॉडी भक्कम दिसत असे, पण तिच्या वजनानेच मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले. म्हणून या वेळी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यातून बॉडी बांधून घेतली.

तेथील कारागिरांनी रंगाची चर्चा करण्याआधी आम्ही काय वाहतो, त्याचे वजन किती आणि कोणती वस्तू दिवसातून किती वेळा काढावी लागते, हे बारकाईने विचारले, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गाडीच्या मंजूर एकूण वजनातून चॅसिस (इंजिन-केबिनसह, पण बॉडीविना गाडी), बॉडी आणि माणसे वजा जाता जे उरते तेवढाच माल भरता येतो. ३ मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे २३.५ किलो भरतो, तर तेवढ्याच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ८ किलो. तरीही मोटारी ओढताना पोचे पडू नयेत म्हणून हौद्याचा तळ पोलादी चेकर प्लेटचा (उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याचा) ठेवला आणि अवजारांचे कप्पे अ‍ॅल्युमिनियमचे केले. मोटारींची जागा मागच्या आसाच्या पुढे घेतल्याने पुढच्या चाकांवर भार राहतो आणि गगनबावड्याच्या घाटातही स्टेअरिंग हलके पडत नाही. चॅसिसच्या सांगाड्याला कुठेही वेल्डिंग न करता बॉडी यू-बोल्टने आवळली आहे.

पहिल्याच मोठ्या पावसात एका कप्प्याच्या दारातून पाणी आत गेले आणि केबलच्या जोडणीचे साहित्य भिजले. त्यांनी रबरी किनार विनामूल्य बदलली, परंतु त्यासाठी ऐन हंगामात दोन फेऱ्या माराव्या लागल्या, हे मला खटकले. ताबा घेण्यापूर्वी दारांवर नळीने पाणी मारून पाहण्याचा आग्रह धरावा.

६ मीटरचे अखंड पाइप मागे बाहेर काढून नेता येतील अशी घोडी (पाइप ठेवण्याची चौकट) मी मागितली होती. मालाचे टोक बाहेर ठेवणे धोक्याचे आणि नियमाविरुद्ध असल्याचे सांगून त्यांनी ती करण्यास नकार दिला आणि केबिनच्या मागे ३ मीटरच्या पाइपांसाठी बंदिस्त खण करून दिला. आता आम्ही पाइप त्याच लांबीचे मागवतो.