२८८ पोर्टांपैकी फक्त २: डॉट१एक्सच्या नावाखाली मला असं बनवलं

लिहायला लाज वाटते, पण मी गप्प बसलो तर आमच्या स्विचचं काम घेतलेला तोच माणूस उद्या तुमच्या सर्व्हर रूममध्ये उभा असेल.

पद्धत नेहमीचीच. निम्मे आगाऊ, निम्मे डेमो झाल्यावर. ४८ पोर्टांचे (केबल लावायच्या खाचांचे) ६ स्विच, प्रत्येक पोर्टवर ८०२.१एक्स (हेच डॉट१एक्स: लॉगिनशिवाय पोर्टवरून नेटवर्क न देण्याची पद्धत), मागे लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर. ठरले १,८५,००० रुपये. डेमोला त्याने स्वतःचा लॅपटॉप पहिल्या स्विचच्या पहिल्या पोर्टला लावला. चुकीचा पासवर्ड, नेटवर्क बंद. बरोबर पासवर्ड, सुरू. उरलेले ९२,५०० मी त्याच संध्याकाळी पाठवले.

पण त्याआधी, दुपारी, मी नवा प्रिंटर भिंतीतल्या पोर्टला लावला होता. लगेच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळाला. लॉगिन न विचारता कसा, म्हणून फोन केला. "मॅब आहे ना सर, मॅक ॲड्रेस बघून आत घेतो." मी "हो हो" म्हणालो. मॅब म्हणजे लॉगिनऐवजी उपकरणाचा मॅक ॲड्रेस, त्याचा ओळख क्रमांक, यादीत बघणं. अरे, त्या प्रिंटरचा मॅक ॲड्रेस मी त्याला दिलाच कुठे होता! तासाभरापूर्वी तर तो खोक्यातून काढलेला. हे आठवलं की स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते.

माझं काम सर्व्हरचं. स्विचच्या कमांड लाइनला कधी हात लावला नव्हता. त्याच्या एक्सेलमध्ये २८८ ओळींपुढे 'सिक्युअर्ड' लिहिलेलं. कोणीही फसला असता. पुढे ऑडिटवाल्याने मीटिंग रूममध्ये केबल लावून पगाराचं फोल्डर उघडलं, साहेबांसमोर. कॉन्फिग काढलं, तर 'सिक्युअर्ड' हा शब्द पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाईप केलेला. नुसती पाटी! 'ऑटो', म्हणजे लॉगिन मागणारा मोड, दोनच पोर्टांवर, तेही मल्टी-होस्ट, म्हणजे एकाने लॉगिन केलं की मागच्या हबवरचे सगळे आत. बाकी २८६ डिफॉल्टवर. फोर्स-ऑथराइझ्ड, म्हणजे लॉगिन न मागता सगळे आत. या, बसा.

डेमोचा पोर्ट तुम्ही निवडा, आणि लॅपटॉप त्याचा नको.

पोलिसांत गेलो. "स्विच चोरीला गेले?" नाही. "चालू आहेत?" हो. "मग गेलं काय?" पोर्ट समजावायला अर्धा तास, मग "हा दिवाणी मामला, वकील बघा." वकील म्हणाला, करारात 'पोर्ट-सुरक्षा' एवढंच लिहिलंय, कोर्टात काय दाखवणार? दुसऱ्या खेपेला अर्जच घेईनात, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा आधीचा अर्ज सापडेना. स्विच बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर एका ओळीचं: तो आमचा अधिकृत माणूस नाही.

करारात पोर्टांची संख्या आणि मोड लिहून घ्या. रेडियसचा लॉग स्वतः उघडा. माझ्या लॉगमध्ये एकाच टेस्ट युजरचं नाव होतं. ॲडमिन पासवर्ड काम संपलं त्याच दिवशी बदला. मी तो बदलला तिसऱ्या खेपेहून परतल्यावर. तोवर तो त्याच्याकडेही होता.