एक्लिप्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि उघडतच नसेल तर काय करायचं

जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठी आठ महिने रोज वापरल्यावर एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल मत पक्कं आहे : रिफॅक्टरिंग (कोडची पुनर्रचना) आणि डिबगर (चुका शोधायचं साधन) उत्तम, मेमरी मात्र भरपूर खातं. वाईट याचं वाटतं, की पहिल्याच डबल-क्लिकला उघडलं नाही म्हणून कितीतरी जण ते काढूनच टाकतात. पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यापेक्षा ते नेमकं कुठे अडतंय ते बघा.

उघडताना 'एक्झिट कोड १३' ही चूक आली तर बहुतेकदा एक्लिप्स ६४ बिटचं आणि जावा ३२ बिटचं असतं. २०१८-१२ या आवृत्तीपासून ३२ बिटचं एक्लिप्स निघतच नाही, म्हणजे बदलायचं ते जावा. कमांड प्रॉम्प्टवर जावाची व्हर्जन विचारा (java -version). उत्तरात '६४-बिट' नसेल तर दोषी सापडला. जावा ८ वर नवं एक्लिप्स चालणार नाही, २०२२-०९ पासून किमान १७ लागायचं, आताच्या आवृत्त्यांना २१ लागतं.

खरं तर आता पॅकेजसोबत स्वतःचं जावा येतं आणि एक्लिप्स.इनी (eclipse.ini) या सेटिंग्जच्या फाइलमधली 'व्हीएम' (-vm) ही ओळ त्याकडे बोट दाखवते. म्हणूनच जुन्या इन्स्टॉलेशनची इनी नव्यावर कॉपी करू नका. हाताने मार्ग द्यायचाच असेल तर 'व्हीएम' एका ओळीत, मार्ग पुढच्या ओळीत, अवतरणचिन्हं नाहीत, आणि दोन्ही ओळी 'व्हीएमआर्ग्ज' (-vmargs) या ओळीच्या वर. खाली लिहिल्या तर एक्लिप्स त्या मानतच नाही. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात.

'कम्पॅनियन शेअर्ड लायब्ररी' सापडत नाही असा संदेश आला तर बहुतेकदा डाउनलोड केलेली झिप अर्धवट उघडली आहे. विंडोजचं स्वतःचं झिप साधन २६० अक्षरांपेक्षा लांब मार्गावर अडतं. सेव्हन-झिपने थेट सी ड्राइव्हवरच्या एखाद्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये काढा.

जावा व्हर्च्युअल मशीन (जावा प्रोग्राम चालवणारा भाग) तयारच होत नसेल तर इनीतला 'एक्सएमएक्स' (-Xmx), म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, २०४८ एमबीवरून १०२४ करून बघा.

स्प्लॅश (सुरुवातीचं चित्र) येतो पण 'लोडिंग वर्कबेंच'वर गाडी थांबते? आधी रिकाम्या वर्कस्पेसवर, म्हणजे प्रोजेक्ट्स ठेवायच्या नव्या फोल्डरवर, उघडा. तिथे उघडलं तर बिघाड जुन्या वर्कस्पेसमध्ये आहे. त्याच्या मेटाडेटा (.metadata) फोल्डरमधली लॉग फाइल, म्हणजे चुकांची नोंद, शेवटून वाचा, मग एक्लिप्स बंद ठेवून प्लगइन्समधल्या ई४ वर्कबेंचच्या फोल्डरातली 'वर्कबेंच.एक्सएमआय' दुसऱ्या नावाने ठेवा. खिडक्यांची मांडणी जाते, कोडला धक्का लागत नाही. अख्खा मेटाडेटा फोल्डर मात्र उडवू नका, त्यात सेटिंग्ज आणि प्रोजेक्टची यादी असते.