कृतज्ञता आणि शील घरी शिकवताना: तयार अभ्यासक्रम, कौटुंबिक उपासना आणि सेवेची कामे

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा निर्णय घेतलेल्या पुण्यातील ख्रिस्ती कुटुंबापुढे परीक्षेचा प्रश्न फार दिवस अडून राहत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी किंवा राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली दहावी, या वाटा आता माहितीच्या झाल्या आहेत. मात्र मूल खरे बोलते का, मिळालेल्याची जाण ठेवते का, हे यांपैकी कोणतीही परीक्षा विचारत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी आईवडिलांची असते, आणि वर्षाची आखणी करताना त्यांच्यापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात: सद्गुणांचा तयार अभ्यासक्रम विकत घेणे, रोजच्या कौटुंबिक उपासनेतूनच हे शिक्षण देणे, किंवा घरातील व घराबाहेरील कामांना त्याचे साधन करणे. तिन्ही थोडे थोडे करू, असे म्हणणे सोपे असले, तरी घरी शिकवणाऱ्या पालकाचा वेळ मर्यादित असतो आणि कोणत्या गोष्टीला कणा मानायचे हे ठरवावेच लागते.

तुलना कोणत्या कसोटीवर करावी, हे आधी सांगणे आवश्यक आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक अडचण असते, जी शाळेत जाणाऱ्या मुलाला तितकीशी जाणवत नाही. त्याला शिकवणारी आई, जेवायला वाढणारी आई, चूक दाखवणारी आई आणि उपकारांची जाण ठेव असे सांगणारीही आईच असते. अशा बंदिस्त वर्तुळात कृतज्ञता म्हणजे आईला खूश ठेवण्याची रीत आहे, किंवा तिच्या कष्टांचे न फिटणारे देणे आहे, असा समज मुलाच्या मनात नकळत रुजतो. म्हणून मुलाचे आभार या वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे वर देवाकडे आणि पलीकडे नाव-चेहरा असलेल्या माणसांकडे, कोणता मार्ग नेतो, हीच माझी मुख्य कसोटी आहे. खर्च, वेळ आणि भाषा यांचा विचार तिच्यानंतर येतो.

तयार अभ्यासक्रमांपैकी बहुतेक अमेरिकेत घडलेले आहेत. दर महिन्याला एक सद्गुण, त्यावरचे वचन, गोष्ट, प्रश्न, पाठ करण्याचा भाग आणि शेवटी चांगल्या वागण्याला चांदण्या देणारा तक्ता, अशी त्यांची रचना असते. ज्या पालकांच्या स्वतःच्या लहानपणी घरात प्रार्थना नव्हती, किंवा जे नुकतेच विश्वासात आले आहेत, त्यांना अशा आखीव पानांचा खरा आधार मिळतो, आणि उद्या सकाळी काय घ्यायचे ही चिंता मिटते, हा लाभ मी कमी लेखत नाही. छापील संच परदेशातून मागवणे महाग पडते. पीडीएफ घेऊन प्रिंट काढून स्पायरल करून घेणे त्या मानाने परवडते. अडचण आशयाची आहे. कृतज्ञतेचा धडा अमेरिकेच्या आभारदिनामागील १६२१ सालच्या प्लिमथच्या सुगीभोवती रचलेला असतो आणि नोव्हेंबरात येतो, तर आपल्या मराठी मंडळ्यांतील, म्हणजे चर्चमधील, मुलाला हंगामाचा सण आणि देवळात आणलेले धान्य-भाजीपाला ठाऊक असतो. शिवाय घरातल्या प्रत्येकाचे प्रत्येक वेळी शब्दांनी आभार मानावेत, असा त्यांचा आग्रह असतो. आपल्या घरांत आजीने पोळी वाढली की तिचे तोंडाने आभार मानण्याची रीत नाही, तिचे पाय चेपून देण्याची आहे, आणि ती रीत मोडून मूल अधिक कृतज्ञ होईल असे मला वाटत नाही.

याहून गंभीर प्रश्न परिणामाचा आहे. अमेरिकेत १९२८ ते १९३० या काळात हार्टशोर्न आणि मे या संशोधकांचा शीलशिक्षणावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांकडून उत्तरपत्रिका गोळा करून त्यांच्या नकला गुपचूप करून ठेवायच्या आणि नंतर मूळ कागद मुलांनाच तपासायला द्यायचे, अशी त्यांची एक पद्धत होती. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी प्रामाणिक राहीलच असे नाही, आणि प्रामाणिकपणाविषयीचे धडे ऐकलेले मूल तसे वागतेच असेही नाही, असे त्यांना आढळले. घरी शिकवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपली मुले गणिते सोडवून पुस्तकाच्या मागची उत्तरे स्वतःच पाहतात आणि स्वतःच बरोबरची खूण करतात. प्रामाणिकपणाचा महिनाभराचा पाठ जे करू शकत नाही, ते काम ही खूण रोज करते: चुकलेले उत्तर खोडरबराने न पुसता शेजारी दुरुस्त करण्याची सवय लागली, की मुलाला चूक लपवण्याचे कारण उरत नाही. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांना आजही अनेक ख्रिस्ती होमस्कूलिंग कुटुंबे मानतात, ते एका वेळी एकच सवय घेऊन तिच्यावर अनेक आठवडे शांतपणे काम करण्याच्या त्यांच्या आग्रहामुळेही.

तक्ता आणि चांदण्यांबद्दल माझे मत ठाम आहे: अभ्यासक्रम घेतला तरी तो भाग वगळावा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली दाखवले की आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिले, की नंतर त्यांची ती आवड घटते. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली अवघ्या २० महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला, तेव्हा मदतीबद्दल खेळणे मिळालेली बाळे पुढे आपणहून मदत करायला कमी पुढे आली. देवाच्या कृपेला दिलेले उत्तर म्हणून चांगले वागावे असे आपण शिकवत असू, तर त्याच वागण्याचे मोल चांदण्यांत मोजणे हे आपल्याच शिकवणीच्या विरुद्ध जाते.

याच अभ्यासक्रमांत बहुधा कृतज्ञतेची वहीही असते, आणि ती मात्र ठेवण्याजोगी आहे. एमन्स आणि मॅक्कलो यांच्या २००३ च्या अभ्यासाने ती प्रसिद्ध केली. फ्रोह आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर तसाच प्रयोग केला आणि उपकार लिहून काढणाऱ्या मुलांत कृतज्ञता व समाधान वाढल्याचे नोंदवले. मोठ्यांवरच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तेव्हा वही शनिवारी संध्याकाळी एकदाच उघडावी, आणि तिच्यात ‘सायकल मिळाली’ असे न लिहिता ती कोणी दिली, कोणी दुरुस्त केली, कोणी मागे धरून पळत शिकवली, हे माणसांच्या नावांसह लिहावे.

दुसरा मार्ग कौटुंबिक उपासनेचा आहे, आणि माझा कल त्याच्याकडे आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात घरी बसणे, वाटेने चालणे, निजणे आणि उठणे यांचाच उल्लेख आहे. म्हणजे शिक्षणाची जागा घर आणि वेळ दिवसभराची, हे होमस्कूलिंगच्या रचनेशी जुळते. यासाठी जे साहित्य लागते ते घरातच असते. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच, ‘त्याची दया सनातन आहे’, असा आहे, त्यामुळे वाचता न येणारे चार वर्षांचे मूलही पहिल्याच दिवशी त्यात सहभागी होते. त्याच घाटात प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे स्तोत्र रचता येते: ‘ज्याने बाबांना तापातून उठवले’ असे एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी दयेचे ध्रुवपद धरावे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा तर या विषयाचा गाभा आहे. बरे दहाही झाले, परतून आला एकच, आणि तो परका, शोमरोनी होता. आणि उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतल्याचे तेथे लिहिलेले नाही. आभार मानले नाहीस तर पुढच्या वेळी मिळणार नाही, अशी धमकी मुलांना देणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

भाषेचा लाभ येथे सर्वांत मोठा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या आणि भजन-कीर्तनाच्या वळणावर आणली, आणि त्यांची गीते गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयासारख्या मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी ती बसली, तर आजोबांच्या प्रार्थनेतले शब्द त्याला परके राहत नाहीत. कॅथलिक कुटुंबांना येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांच्या सायंकालीन आत्मपरीक्षणाचा आधार आहे. त्याची पहिली पायरीच आभारांची आहे आणि चुकांचा विचार त्यानंतर येतो. हा क्रम लहान मुलांसाठी फार योग्य आहे. मुले अधिक असतील तर सुझाना वेस्ली (१६६९–१७४२) यांची रीत घ्यावी. घरीच मुलांना शिकवणाऱ्या या मातेने आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी राखली होती, आणि गुरुवार जॉनचा, म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या मुलाचा, होता.

या मार्गाचे धोकेही सांगितले पाहिजेत. प्रार्थना लांबली की मूल डोळे मिटून दुसराच विचार करते. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थनेच्या आडून मुलाला सुनावणे: ‘प्रभू, याला खोटे न बोलण्याची बुद्धी दे’ असे भावंडांसमोर म्हणणे हा त्या मुलाचा अपमान असतो आणि त्याच्या मनात प्रार्थनेविषयी अढी बसते. तसेच कृतज्ञतेच्या नावाखाली दुःख दाबायला शिकवू नये. मित्र गाव सोडून गेला, आजी वारली, अशा वेळी तेराव्या स्तोत्रासारखी तक्रारीने सुरू होऊन गाण्यापर्यंत पोचणारी स्तोत्रे वाचावीत, आणि मूल त्या दिवशी तक्रारीपाशीच थांबले तर थांबू द्यावे.

तिसरा मार्ग कामाचा आणि सेवेचा. यात पैसे लागत नाहीत, पण पालकाचा वेळ सर्वाधिक लागतो, आणि तो सर्वांत सहज बिघडतोही. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जाणे आणि फोटो काढणे, किंवा ‘त्या मुलांकडे बघ, म्हणजे तुला काय मिळाले आहे ते कळेल’ असे सांगणे, यातून मूल कृतज्ञता शिकत नाही, तुलना शिकते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परुश्याची, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मनिष्ठाची, प्रार्थनाही देवाचे आभार मानूनच सुरू होते. इतर माणसांसारखा आपण नाही, याचे ते आभार असतात. दुसऱ्यांच्या गरिबीवर आपल्या मुलाची कृतज्ञता उभारणे मला चुकीचे वाटते. आपल्याला कोणी काय दिले, येथून सुरुवात करणे अधिक सत्याचे आहे.

त्यासाठी पुणे शहर पुरेसे आहे. येथे अनेक भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार कचरा नेतात. ज्या चळवळीतून ही संस्था उभी राहिली, ती कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालची आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणे, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणे, फुटलेली काच कागदात गुंडाळून तसे वर लिहिणे आणि मावशींना नावाने हाक मारणे, हे काम दहा वर्षांच्या मुलाकडे पूर्णपणे सोपवता येते, आणि ते नीट झाले की नाही हे आई नव्हे, मावशी सांगतात. भूगोलाच्या तासाला नळाचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगावपर्यंत मागे न्यावे. धरणांसाठी ज्यांची गावे आणि जमिनी गेल्या, त्यांचा त्यात वाटा आहे, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर शहराचे काय झाले हे सांगणारी वडीलधारी माणसे ओळखीत असतील तर मुलांना त्यांच्यासमोर बसवावे. पुणे–दौंड मार्गावरील केडगावचे मुक्ती मिशन एका दिवसात पाहून होते. तेथे दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या; आईने त्यांना संस्कृत शिकवले होते, हे घरी शिकणाऱ्या मुलीला अवश्य सांगावे. स्वयंपाकघरासाठी मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांचा नेम घेण्यासारखा आहे: १९१० पासून तेथे प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढले जातात. शेताच्या कडा न कापता गरिबांसाठी सोडण्याच्या, बायबलच्या लेवीय या पुस्तकातील नियमाचाच हा स्वयंपाकघरातील अवतार म्हणता येईल, आणि मूठ मुलाची असली तरी चालते.

माझ्या कसोटीवर अभ्यासक्रम मागे पडतो. तो मुलाला पुन्हा वहीकडे आणि वही तपासणाऱ्या आईकडेच आणतो. उपासना त्याला देवाकडे वळवते, काम माणसांकडे. नोकरी सांभाळून शिकवणाऱ्या पालकांनी संध्याकाळच्या वीस मिनिटांची उपासना आणि घरातील एक जबाबदारी एवढेच धरावे. मुले सहा वर्षांखालील असतील तर अभ्यासक्रमावर खर्च करूच नये, गीत आणि मूठभर तांदूळ पुरेसे आहेत. नव्याने विश्वासात आलेल्या कुटुंबाने पहिले वर्ष अभ्यासक्रम जरूर वापरावा, त्यातील गोष्टी मराठीत सांगाव्यात आणि पुढच्या वर्षी तोच संच मंडळीतील दुसऱ्या घराला द्यावा. घरात आजी-आजोबा हिंदू असतील, जे पुण्यात अनेक घरांत असते, तर कामाचा मार्ग आधी घ्यावा, कारण कचरा वेगळा करणे, पाण्याची जाण ठेवणे आणि मूठ बाजूला काढणे यांत आजीही पहिल्या दिवसापासून सामील होऊ शकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासमोर मात्र हे तिन्ही पर्याय मांडून, पुढच्या वर्षी काय ठेवायचे, हे त्यालाच विचारावे.